चिकटपट्टीची वही

सरांशी कुणी हात मिळवायला गेलं की तो हात लवकर परत मिळत नसे. सर तळवा वर करायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे, चष्मा कपाळावर सरकवून रेघा बघायचे आणि "हं" म्हणून सोडून द्यायचे. या एका "हं"वर गावात त्यांचा मोठा लौकिक झाला होता. सर हात बघतात, पण खरं काय ते तोंडानं सांगत नाहीत, असं लोक म्हणायचे. एकदा एक बाई आपल्या थोरल्या मुलाला घेऊन त्यांच्या ओट्यावर आली आणि याला नोकरी कधी लागंल तेवढं सांगा म्हणाली. सरांनी बराच वेळ हात बघितला.

"नोकरीचं मला ठावं न्हाई," सर म्हणाले. "पण ह्याची कातडी लई कोरडी हाय. आंघोळ झाली की ओल्या अंगावरच तेल लावायला सांगा."

पुढं त्या मुलाला खरोखर नोकरी लागली आणि सगळं श्रेय तेलाला गेलं. मग दर रविवारी चार-दोन बाया पोरांची मनगटं धरून ओट्यावर बसलेल्या असत. सर वैतागायचे, पण एकही हात बघितल्याशिवाय परत पाठवायचे नाहीत.

आमचं कॉलेज बालाघाटाच्या कडेला, धारूरपासून फार लांब नसलेल्या एका गावात होतं. सर तिथं प्राणिशास्त्र शिकवायचे. वर्गात अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि उंबरा ओलांडला की आमच्यासारखं. खिशात पेनाशेजारी करडईच्या तेलाची चपटी बाटली असायची. साबण त्यांनी तरुणपणीच सोडला होता, त्यामुळे पहिल्या बाकावर बसायला कुणी फारसं राजी नसे. पण त्यांची मुख्य ओळख म्हणजे चिकटपट्टी. नवीन वर्ग आला की पहिल्या तासाला सर हजेरी घेत नसत. एकेकाला पुढं बोलवायचे, कोपराच्या खाली पुसून चिकटपट्टीचा तुकडा लावायचे, अंगठ्यानं दाबायचे, हळूच काढायचे आणि निळ्या कापडी बांधणीच्या एका लांबट वहीत चिकटवायचे. पट्टीवर पिठासारखं काहीतरी पांढुरकं आलेलं असायचं. त्याखाली नाव, गाव, आईबापाचा धंदा, आणि शेवटी एक ओळ, "साबण: होय" किंवा "साबण: नाही". पोरं त्यांना माघारी चिकटपट्टी म्हणायची. सरांना ते माहीत होतं.

"पट्टीवर आलंय ती तुमची मेलेली कातडी," सर सांगायचे. "मेलीय, पण कामावर हाय. माणसापेक्षा बरी."

कातडी म्हणजे शरीराचा बांध, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. आतलं पाणी आत राहिलं पाहिजे, बाहेरचं तण आत येता कामा नये. या बांधाची माती घट्ट बसवणारं एक प्रथिन असतं, त्याचं नाव फिलॅग्रिन. ते कुणात कमी असतं, कुणात नसतंच. मग बांध भुसभुशीत होतो, कातडी सुकते, तिला भेगा पडतात, खाज सुटते. "आणि भांडणं तर सगळी बांधावरच होतेत," असं म्हणून सर आमच्याकडे बघायचे. शेतकऱ्यांची पोरं हसायची.

प्रयोगशाळेत एक डीप फ्रीझर होता. त्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचं आइस्क्रीम ठेवलेलं सरांना सापडलं. त्यांनी ते कुणालाही न विचारता आम्हा पोरांना वाटून टाकलं आणि दारावर पाटी लावली, "येथे प्रथिने राहतात. कुल्फी राहत नाही." फ्रीझरमध्ये तेव्हा एकही प्रथिन नव्हतं. ती पाटी वर्षभर नुसत्या थंड हवेची राखण करत होती.

आता माझं सांगते. आम्ही मेंढरंवाले. धारूरच्या डोंगरात आमची वस्ती, आणि कापूस वेचून झाला की मेंढरं घेऊन तेलगावकडच्या रानांत उतरायचं. मी सहा महिन्यांची झाले तेव्हापासून माझ्या पायांवर, हातांवर, पाठीवर खवले आहेत. बारीक, राखाडी, कडेनं सुटलेले. उन्हाळ्यात घाम नीट येत नाही, थंडीत पोटऱ्या फुटून रक्त येतं. शाळेत मला धामीण म्हणायचे. धामीण बिनविषारी असते हे कळल्यावर मला त्याचाही राग आला, कारण मला त्या काळात थोडं विष हवं होतं. कॉलेजात मी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून आणि ओढणीत हात लपवून बसायचे.

पहिल्या तासाला सरांनी माझं नाव घेतलं. मी उठले नाही. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा बसूनच म्हणाले, "मला पट्टी लावायची नाही." वर्ग वळून बघायला लागला. मला वाटलं आता सर ओरडतील. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पट्टीची जागा कोरी सोडून पान उलटलं.

"जागा ठेवलीय," एवढंच म्हणाले.

ती जागा जवळजवळ वर्षभर कोरी राहिली. सरांनी एकदाही आठवण केली नाही. एका दुपारी प्रात्यक्षिक संपल्यावर सगळे गेले आणि मी बाही वर सरकवून टेबलाशी उभी राहिले. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. लपवायचाही कंटाळा येतो माणसाला. सरांनी पट्टी लावली, काढली. इतरांच्या पट्टीवर पीठ यायचं, माझ्या पट्टीवर कोंडा आला. मग त्यांनी माझा तळवा वर केला. माझ्या तळहातावर रेघांची नुसती दाटी आहे, उन्हात तडकलेल्या तळ्यासारखी. सर नेहमीचं "हं" म्हणाले नाहीत.

"घरी काय सांगतेत ह्याचं?"

मी सांगितलं. मी पोटात असताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढवाड्यात शिरलेला नाग मारला. त्या नागानं एक गाभण मेंढी डसून मारली होती. दादांनी काठीनं त्याचं डोकं ठेचलं. पुढं मी झाले आणि सहा महिन्यांत माझ्या अंगावर कात दिसायला लागली. तेव्हा दादांनी पायातल्या वहाणा काढल्या त्या काढल्याच. हा माणूस दिवसभर मेंढरांमागं डोंगरात हिंडतो, बाभळीच्या काट्यांतून आणि तापल्या खडकावरून, अनवाणी. पोरीची कात गेली तर वहाणा घालीन, असं त्यांनी वारुळापुढं कबूल केलं होतं. दर नागपंचमीला ते त्या वारुळापाशी नाक घासतात. नारायणगडाच्या जत्रेलाही मला खांद्यावर घेऊन अनवाणीच गेले होते.

सरांनी थट्टा केली नाही. इतक्या लोकांचं माझ्या आजाराबद्दल बोलून झालं होतं, की थट्टा न करणारा माणूस मला लगेच ओळखू यायचा.

"गडाला जावा की," ते म्हणाले. "फकस्त जाताना पायाला तेल लावा."

त्यानंतर काही दिवसांनी दादा मला भाकरी द्यायला कॉलेजात आले. चैत्रातली दुपार होती, समोरचा डांबरी रस्ता मऊ झाला होता. सर फाटकाशी उभे होते. त्यांनी दादांचे पाय बघितले. टाचांच्या भेगांत डांबर भरलं होतं.

"पाव्हणं, वहाणा कुठं हायत?"

"न्हाईत," दादा म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मुलीच्या मास्तरांपुढं हसायचं असतं म्हणून हसले. सरांनी त्यांचा हात हातात घेतला, तळवा वर केला, बराच वेळ बघितला. मग आत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी शेवटचा तास घेतला नाही. ते ऑफिसात बसून अर्ज लिहीत होते.

त्या अर्जामागून आणखी अर्ज गेले. सरांना हवी होती एक नळी, करंगळीच्या पेराएवढी, प्लास्टिकची. तिच्यात माणसाच्या कातडीतलं ते प्रथिन, शुद्ध केलेलं. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांत ते तयार करतात, आणि तेही माणसाच्या कातडीतून काढत नाहीत. माणसाच्या पेशीतला तेवढा एक मजकूर उचलून जिवाणूच्या पोटात ठेवतात आणि जिवाणू बिनतक्रार आपल्यासाठी ते प्रथिन करत बसतो. वर्गात हे कुणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा सरांनी फळ्याकडे पाठ केली. "मेलेल्या मेंढीचं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावतेत की न्हाई? ती दूध पाजती. कोकरू कुणाचं, दूध कुणाचं. तसं हाय हे." सगळ्या वर्गात ते मला सगळ्यात आधी कळलं.

नळी कशाला हवी, तेही त्यांनी मला सांगितलं. पट्टीवरची कातडी विरघळवून तिच्यातली प्रथिनं एका पातळ कागदावर उतरवता येतात. मग त्यांतलं नेमकं हे एकच प्रथिन रंगवायचं. जिथं ते असेल तिथं तपकिरी रेघ उमटते, नसेल तिथं कागद कोरा. पण उमटलेली रेघ त्याच प्रथिनाची आहे हे कशावरून? म्हणून शेजारी नळीतलं, खात्रीचं प्रथिन लावायचं. "तुझ्या दादाला वाचता येत न्हाई," सर म्हणाले. "रेघ तर दिसंल. डोळ्यानं बघितलेलं माणूस इसरत न्हाई. नागाचा काय संबंध न्हाई, हे त्याला एकदा दिसू दे. आन् वहाणा घालू दे बापा त्याला."

मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही हे एवढं का करताय?" ते म्हणाले, "तुला काय काम न्हाई का बाई?" याहून जास्त कारण मला कधी कळलं नाही.

अखेर नळी मिळाली. सर स्वतः बीडला जाऊन घेऊन आले. थर्माकोलचं खोकं मांडीवर घेऊन ते एसटीत बसले होते. कंडक्टरनं विचारलं, काय हाय वो सर त्यात? सर म्हणाले, माणसाची कातडी. त्यानंतर बीडपासून इथपर्यंत त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही, हे त्यांनी आम्हाला मोठ्या समाधानानं सांगितलं.

खोकं उघडलं तेव्हा योगायोगानं माझी माय तिथं होती. मला घरी न्यायला आली होती. सरांनी नळी चिमटीत धरून उजेडात दाखवली. आत काहीच दिसत नव्हतं. प्रथिन वाळवून तळाशी बसवलेलं असतं, त्याचा थर डोळ्यांना दिसत नाही. पण सरांचा चेहरा असा झाला होता की ते काहीतरी बोलणार हे नक्की होतं, आणि समोर माझी माय होती.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या पोरीच्या कातडीत जे न्हाई ना, ते ह्या नळीत हाय."

हे एक वाक्य. खोटं नव्हतं.  मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फ्रीझरचं दार उघडून सर नळी कुठं ठेवतात ते बघितलं.

दोन दिवसांनी सर वर्गात असताना ती पुन्हा आली. प्रयोगशाळेतल्या शिपायाला, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, त्यांना म्हणाली, सरांनी न्यायला सांगितलंय. मामांनाही ते औषधच वाटत होतं. त्या पाटीमागं खरोखर राहायला आलेलं ते पहिलं प्रथिन, आणि मामांनी ते बर्फाच्या चार खड्यांसकट मायच्या डब्यात घालून दिलं. वर सल्ला दिला, सकाळी अनशापोटी लावा.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मायनं मला उठवलं. दादा मेंढरांकडं गेले होते. मायच्या हातात वाटी होती, वाटीत नुकतंच काढलेलं मेंढीचं दूध. तिनं मला बाह्या वर कर म्हटलं. मग कमरेची चंची सोडून नळी काढली, टोपण उघडलं, आत बघितलं. तिलाही काही दिसलं नाही. तिनं बोटानं चार थेंब दूध नळीत सोडलं, टोपण लावून हलवलं, आणि माझ्या कोपरावर उपडी केली.

मी नळी ओळखली होती. टोपणाखालची चिठ्ठीही मी खोकं उघडलं त्या दिवशीच वाचली होती, केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. प्रथिन असं बाहेरून चोळून कातडीत शिरत नाही हे मला माहीत होतं, परीक्षेत मी ते लिहिलं होतं. मी मायला थांबवायला हवं होतं. ती डोळे मिटून दूध चोळत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. तिनं एक हात सोडला आणि मी दुसरा हात पुढं केला.

हे मी सरांनाही पुढं सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा सांगते आहे.

रिकामी नळी घेऊन मी कॉलेजात गेले. रडायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं, ते सरांच्या टेबलापर्यंत टिकलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला. नळी उजेडात धरली. तळाशी दुधाचा पांढरा ओघळ होता.

"दूध कुणाचं?"

"मेंढीचं."

"तापवलेलं?"

"नाही. धारोष्ण."

त्यांनी निळी वही काढली आणि लिहिलं, "मेंढीचे दूध, न तापवलेले, अंदाजे चार थेंब." मग पेन खाली ठेवलं.

"नळी धुतली न्हाईस ना?"

"नाही."

"शाबास," सर म्हणाले. मामा दारात उभे राहून हात जोडत होते. सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "चूक माझी हाय. तुझ्या मायला मी अर्धंच सांगितलं. नळीत हाय म्हणालो, पण बाहेरून देता येत न्हाई, हे म्हणालोच न्हाई. विटा भिंतीवर फेकून भिंत होत न्हाई, आतून रचावी लागती. एवढं वाक्य माझ्या तोंडातून गेलं असतं तर त्या बाईनं कशाला नेली असती?" आपल्यावरच चिडलेला माणूस मी पुष्कळ वेळा बघितला आहे. पण बहुतेकजण थोड्या वेळानं तो राग दुसऱ्या कुणावर तरी काढतात. सरांनी तो कुणावरच काढला नाही.

त्या संध्याकाळी ते आमच्या वस्तीवर चालत आले. माय पालाच्या आत जाऊन बसली, बाहेर येईना. सर बाहेरच दगडावर बसले आणि पालाकडे तोंड करून बोलले. "बाई, मी रागावलो न्हाई. माफी मागायला आलतो. मी तुमाला उगीच आशा लावली." मग त्यांनी विटांचं सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "एक काम अजून ऱ्हायलंय. प्रथिन चिवट असतंय, नळीच्या भिंतीला थोडं चिकटून ऱ्हातंय. तेवढ्यावर बघू. पण मला तुमच्या सगळ्यांच्या पट्ट्या लागतील."

माय बाहेर आली. दादांनी पट्टी लावून घेतली. मग मायनं हात पुढं केला. सरांनी सवयीनं तिचा तळवा वर केला आणि कंदिलाजवळ नेला. मग दादांचा हात ओढून शेजारी धरला. दोन्ही तळहातांवर त्याच दाट, खोल रेघा होत्या. दिवसभर काठी आणि दोर हाताळणाऱ्या हातांकडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

"तुमी एकमेकांचे आधी कोण लागत होता?" सरांनी विचारलं.

"मामाची पोरगी हाय ही माझ्या," दादा म्हणाले.

"हं," सर म्हणाले.

काम दोन दिवस चाललं. पहिल्या दिवशी ऐन वेळी वीज गेली, तेव्हा सर आणि मी, ज्यात प्रथिनं वेगळी करायची ते विजेचं भांडं मांडीवर धरून बसलो, जसं काही ते सांडेल. सरांनी नळीत मोजून थेंब सोडले, आतून भिंती खंगाळल्या, ते पाणी भांड्यातल्या शेजारशेजारच्या घरांपैकी पहिल्या घरात ओतलं. दुसऱ्या घरात स्वतःची पट्टी विरघळवून, मग दादांची, मग मायची, शेवटी माझी. रंग देण्याआधी तो कागद पातळ दुधात भिजवून ठेवावा लागतो, म्हणजे रंग भलतीकडे चिकटत नाही. सरांनी चहाच्या टपरीवरून दुधाची भुकटी मागवली. मायदादा दारात उभे होते. सर मायला म्हणाले, "बघा बाई, इथंबी दूधच लागतंय." माय पहिल्यांदा थोडी हसली.

मग रेघा उमटल्या. नळीच्या घरात अगदी फिकी, आहे की नाही म्हणावी इतकी, पण होती. सरांच्या घरात जाड, तपकिरी. दादांच्या घरात बारीक. मायच्या घरात तेवढीच बारीक. माझ्या घरात काही नाही.

दादांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं हिचं?"

"व्हय. तुमच्यात अर्धं हाय, ह्यांच्यात अर्धं. दोन्हीकडून नसलेलं अर्धं हिच्याकडं आलं. तुमी नाग मारायच्या आधीच हे ठरलेलं होतं. तुमच्या आज्या-पणज्यापासून चालत आलंय. नाग मारला नसता तरी असंच झालं असतं."

दादांचं बोट अजून तिथंच होतं. सरांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद होता. इतके अर्ज, एसटीचा प्रवास, चार थेंब दूध, सगळ्याचं चीज झालं होतं.

"म्हंजी माझ्यामुळंच की वो," दादा म्हणाले.

सरांचा आनंद गेला. मी तो जाताना बघितला. इतक्या दिवसांत हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. एका बापाच्या डोक्यावरून नाग उतरवला आणि त्या जागी त्याचंच रक्त ठेवलं. वर्गात कधी अडत नसे तो माणूस अडला.

बोलली ती माय. तिनं पुढं होऊन आपल्या रेघेवर बोट ठेवलं, दादांच्या बोटाशेजारी.

"तुमच्या एकट्यामुळं कसं?" ती म्हणाली. "माझी बी तेवढीच हाय. बघा की, मापात हाय." मग तिचा आवाज बदलला. "मंग इतकी वर्सं तुमी एकल्यानंच कावून अनवाणी हिंडलात वो?"

आमच्या घरात भांडण झालं की शेवटी नाग निघायचा. मी लहानपणापासून ऐकत आले होते, तुमी त्याला ठेचलं न् माझ्या पोरीला लागलं, असं माय म्हणायची आणि दादा उठून मेंढरांकडं जायचे. त्या प्रयोगशाळेत ती खाली बसली आणि तिनं दादांच्या टाचांना हात लावला. दादा पाय मागं घेत होते, ती सोडत नव्हती. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दादांनी वहाणा घातल्या असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. कबूल केलं होतं ते कात गेली तर, आणि माझी कात गेली नव्हती. आजही गेलेली नाही. मी रोज ओल्या अंगाला तेल लावते आणि एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, बाह्या आखूड असतात. नाग गेला, नवस राहिला. एवढी जुनी सवय एका कागदानं मोडत नाही. सरांना ते फार लागलं. निवृत्त झाल्यावरही त्यांचा फोन यायचा. आधी माझी खुशाली, मग मायची, मग एकच शब्द. "वहाणा?" मी म्हणायचे, "नाही सर." पलीकडून "हं" यायचं आणि फोन बंद व्हायचा. शेवटच्या आजारपणात त्यांचा आवाज बसला होता, तरी तो प्रश्न ओळखू यायचा.

सर गेल्याचं मी दादांना फोनवर सांगितलं. दहावा कधी, एवढंच त्यांनी विचारलं.

दहाव्याला मी सरांच्या घरी गेले. ओट्यावर तळहात दाखवायला यायच्या त्यांतल्या काही बाया होत्या, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. सरांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, मला आत बोलावलं आणि निळ्या वह्यांचा गठ्ठा पुढं सरकवला. तुझ्यासाठी ठेवायला सांगितलंय, म्हणाल्या. मी त्या वर्षाची वही काढून आमचं पान उघडलं. पिवळी पडलेली माझी पट्टी, दादांची, मायची. प्रत्येकाखाली नाव, गाव, साबण: नाही, साबण: नाही, साबण: नाही. दादांच्या पट्टीखाली मात्र आणखी एक ओळ होती. सरांनी "वहाणा:" एवढंच लिहून पुढची जागा कोरी ठेवली होती.

तेवढ्यात बाहेर माय दिसली, आणि तिच्या मागं दादा. दादा दाराशी थांबले. चपलांच्या रांगेपाशी वाकले, एक हात मायच्या खांद्यावर ठेवला, आणि पायातल्या वहाणा काढल्या. नव्या, धारूरच्या बाजारातल्या, अजून कडक. अंगठ्याला चावल्या होत्या. सवय नसल्यामुळं त्यांना त्या पटकन काढता येत नव्हत्या.

माझ्याकडे बघून ते म्हणाले, "त्यांनी लई इचारलं गं. म्या उशीर केला."

मी काकूंकडून पेन मागून घेतलं आणि सरांनी ठेवलेल्या जागेत लिहिलं, होय.